दुसरा क्लिक

शुभाताई,

तुझ्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, माइकपर्यंत गेले आणि तशीच परत येऊन बसले. लोकांना वाटलं, पोरीला भरून आलं. भरून वगैरे काही आलं नव्हतं. मी तुझ्यावर रागावले होते, आणि चारचौघांत गेलेल्या माणसाशी भांडणं बरं दिसत नाही. म्हणून इथे भांडते आहे.

तुझी माहिती तुझ्या भावाने पुण्याहून फोनवर सांगितली. कुणीतरी मोबाइल माइकसमोर धरला होता. जन्म वेंगुर्ल्याचा, शिक्षण मुंबईला, मग अमेरिका, हॉस्पिटलात नोकरी, स्वभाव मनमिळाऊ, छंद फोटोग्राफी. मनमिळाऊ! तू असतीस तर उठून दुरुस्ती केली असतीस. त्यांनी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण तुझ्या-माझ्यातलं त्यात काहीच नव्हतं. किनाऱ्याकडे जाणारा पार्कवे नव्हता, थर्मासातला आल्याचा चहा नव्हता, वाळूतली जहाजं नव्हती. आणि डोना तर नव्हतीच. तिचं नाव तुझ्या भावाला माहीत असायचं काही कारणही नाही.

आपली ओळख मंडळाच्या दिवाळीची, दोन हजार दोन सालची. कुठल्याशा शाळेच्या कॅफेटेरियात फराळाची ताटं मांडली होती आणि तू गळ्यात जुना फिल्मचा कॅमेरा अडकवून भिंतीला टेकून उभी होतीस. मला नागपूरहून येऊन वर्ष झालं होतं. जर्सी सिटीत तिघींनी मिळून घेतलेलं अपार्टमेंट, सकाळी ट्रेनने मॅनहॅटन, संध्याकाळी परत. ऑफिसात दर शुक्रवारी कुणाची तरी खुर्ची रिकामी व्हायची.

"गाडी चालवता येते का तुला?" तू विचारलंस. नाव-गाव काही नाही.

"हो, काकू."

"काकू म्हणायचं नाही. रविवारी काय करतेस?"

"कपडे धुते."

"ते शनिवारी धू."

पेशंटना उचलून उचलून तुझा उजवा खांदा धरला होता. गावातल्या गावात तू गाडी चालवायचीस, पण दोन-अडीच तास स्टिअरिंग धरणं तुला जमत नव्हतं. अशी मी तुझी ड्रायव्हर झाले. अंबाझरी तलावापेक्षा मोठं पाणी न पाहिलेली मी, आणि मला तू अटलांटिकच्या काठाकाठाने फिरवलंस. कधीकाळी वादळात सापडून किनाऱ्याला लागलेली, वाळूत रुतलेली जहाजं तू शोधत असायचीस. काही ओहोटीला दिसायची. काही वाळूखालीच असायची, आणि हिवाळ्यातल्या एखाद्या वादळाने वाळू ओढून नेली की थोडे दिवस वर यायची. गळाचं सामान विकणारा एक म्हातारा दुकानदार तुझा दोस्त होता. असं काही वर आलं की तो तुला फोन करायचा आणि तू मला.

मला ती जहाजं आवडली. भिजून काळं पडलेलं लाकूड, गंजून पापुद्रे सुटलेलं लोखंड. माझ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात मला माणूस नको असायचा. कुणी मध्ये आलं की जाईपर्यंत मी थांबायचे. तुझं नेमकं उलट. तिथे भेटेल त्याला तू जहाजाशेजारी उभं करायचीस. गळ टाकून बसलेले म्हातारे, कुत्रं फिरवणाऱ्या बायका, एकदा तर मैत्रिणीला लग्नाचं विचारायला तिथे आलेला आणि नकार मिळालेला एक जण. "नुसतं लाकूड काय बघायचं?" तू म्हणायचीस. "बाजूला माणूस उभा राहिला की कळतं, केवढं होतं ते."

हॉस्पिटलात तू एक्स-रे काढायचीस. श्वास घ्या, रोखा, सोडा. किनाऱ्यावरही तुझे तेच शब्द. "होल्ड युवर ब्रेथ," आणि क्लिक. मग "ओके, ब्रीद." माणसाला वाटायचं, झालं. खांदे खाली यायचे, कॅमेऱ्यासाठी आणलेलं हसू उतरायचं, आणि तेवढ्यात तू दुसरा क्लिक करायचीस. तुझ्या घराच्या भिंतींवरचे सगळे फोटो त्या दुसऱ्या क्लिकचे.

"ही चोरी आहे," मी म्हणायचे.

"चोरी कसली? माणसाचा चेहरा तेव्हाच घरी येतो."

हे भांडण आपण पहिल्या हिवाळ्यापासून भांडत होतो. तेव्हा ते गमतीतलं होतं.

मग ती खाडी आठवते तुला? जुन्या टगबोटी आणि फेरीबोटी जिथे कुजत पडल्या होत्या ती. समोरच्या काठावर तेलाच्या टाक्या होत्या, आणि अकरा सप्टेंबरनंतरचे ते दिवस असे होते की आपल्या रंगाच्या माणसांनी टाक्यांच्या दिशेला कॅमेरा धरणं म्हणजे संकटाला बोलावणंच. तू कॅमेऱ्याची तिवई लावलीस. दहा-पंधरा मिनिटांत पोलिसाची गाडी आली. तरुण होता, तोही घाबरलेलाच वाटला मला, आणि घाबरलेल्या माणसाचा हात कमरेवर असतो.

त्याने कागद मागितले. तू लायसन्स दिलंस आणि वर सुनावलंस, "मी सिटिझन आहे. टॅक्स भरते. आणि हा गंज आहे, याला कसली सिक्युरिटी लागते?" त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे व्हिसा होता, आणि ज्या कंपनीच्या नावाचा व्हिसा होता ती कंपनी महिनाभर टिकेल की नाही कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने फिल्म मागितली. तू नाही म्हणालीस. तो पुन्हा मागायला लागला, आवाज चढला.

"देऊन टाका ना हो," मी मराठीत म्हटलं.

"इंग्लिशमध्ये बोला!" तो ओरडला.

तू माझ्याकडे वळून पाहिलंस. मग कॅमेरा उघडलास, रोल काढलास आणि त्याच्या हातावर ठेवलास. त्यात दोन रविवारांची माणसं होती.

परत येताना गाडीत मी फुटले. "तुझ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे! तुला कोण काय करणार? मला उद्या विमानात बसवतील, कळतंय का तुला?" ओरडून झाल्यावर लक्षात आलं की मी तुला अरे-तुरे करते आहे. जीभ चावली. तू खिडकीबाहेर बघत होतीस.

"आता कसं," तू म्हणालीस. "हेच ठेव. ते अहो-जाहो ऐकून मी म्हातारी होत होते."

त्या दिवसापासून तू. आणि तो रोल का दिलास ते तू कधी सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. मला माहीत होतं. माझा चेहरा पाहून दिलास. तुझ्यासारख्या बाईने हातचा रोल सोडणं म्हणजे काय, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. याचे आभार मानायचे राहिले.

तुझ्या दुसऱ्या क्लिकचं मूळ मला कळलं ते आयसेलिनला, ओक ट्री रोडवरच्या त्या चहाच्या दुकानात. बाहेर पार्किंगसाठी गाड्यांचे हॉर्न, शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी लग्नाच्या साड्या उघडून चाललेली चर्चा. तू चहात बिस्किट बुडवून ठेवलंस ते विरघळून गेलं.

"आज एक बाई होती," तू म्हणालीस. "तुझ्याएवढी. प्लेट बघितली आणि मला कळलं. कपडे घालताना विचारते, सगळं ठीक आहे ना? काय सांगायचं मी? 'डॉक्टर सांगतील.' इतकी वर्षं मी हे एकच वाक्य म्हणते आहे, प्राजू. मला दिसतं आणि मला बोलायची परवानगी नाही."

"नियम असतो तो. टेक्निशियनने कसं सांगायचं?"

"हो ना. नियमच."

मी विषय बदलला. तू बदलू दिलास.

आणि मग दोन हजार पाचचा तो हिवाळा. मोठं वादळ होऊन गेलं होतं आणि दुकानदाराचा फोन आला होता: गावाच्या दक्षिणेला एक लाकडी जहाज वर आलंय, लवकर या, वाळू परत भरते आहे. आपण पोचलो तेव्हा किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. ओल्या वाळूतून जहाजाच्या बरगड्या वर आल्या होत्या, माणसापेक्षा उंच, दोन रांगांत. आत पाणी साचलेलं. भरती सुरू झाली होती, आणि तू नेहमीसारखी म्हणालीस, "समुद्राकडे पाठ करायची नाही."

तिवई लावताना ती दोघं आली. पन्नाशीची बाई, लाल टोपी घातलेली, आणि तिच्यापेक्षा हातभर उंच मुलगा, जॅकेटच्या खिशात हात. बाईनेच नाव सांगितलं, डोना, आणि विचारलं, आमचा एक काढाल का? हा माझा मुलगा, केव्हिन. शुक्रवारी इराकला चाललाय. ती हे असं म्हणाली, जसं कुणी सांगावं की तो कॉलेजला चाललाय.

"मॉम," तो म्हणाला. "नको ना."

"एकच."

तू त्यांना बरगड्यांच्या मध्ये उभं केलंस. लाटेचं पाणी येऊन त्यांच्या बुटांना लागत होतं. मी तुझी बॅग छातीशी धरून मागे उभी होते आणि पाणी किती वर आलंय ते बघत होते. मला निघायचं होतं. "होल्ड युवर ब्रेथ." आईने हसू आणलं, त्यानेही आणलं, एक हात तिच्या खांद्यावर टाकला. क्लिक. "ओके, ब्रीद." तिने टोपी सारखी करायला मान खाली घातली आणि तो समुद्राकडे वळला.

मी पाहिला तो चेहरा. तुझ्या कॅमेऱ्याने पाहिला त्याच क्षणी. त्याबद्दल मी आजही फार लिहू शकत नाही. एवढंच लिहिते की तो वीस-एकवीस वर्षांचा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून तो आठ वर्षांचा दिसत होता.

क्लिक त्याने ऐकला. पत्ता लिहून द्यायला आई गाडीकडे गेली तेव्हा तो तुझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "तो दुसरा तिला देऊ नका. प्लीज."

तू म्हणालीस, "आय हर्ड यू."

ऐकलं, एवढंच म्हणालीस. मी शेजारी उभी होते. तेवढंच.

पहिला फोटो तू त्याच आठवड्यात पोस्टाने पाठवलास. डोनाने फोन करून आभार मानले, केव्हिनच्या खोलीत लावलाय म्हणाली. नंतर मध्ये बरेच महिने गेले. उन्हाळा आला, आपण नव्या जहाजांच्या मागे लागलो, आणि शरदात तिचा पुन्हा फोन आला. मी तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात पोहे करत होते. तू फोन धरून उभी होतीस आणि बोलत नव्हतीस. तेवढ्यावरून मला कळलं.

फोन ठेवून तू म्हणालीस, "तिने क्लिक दोनदा ऐकला होता. विचारते आहे, आणखी एखादा आहे का. काहीही चालेल म्हणते. हललेला असला तरी."

"नाही म्हणून सांग," मी म्हटलं. गॅस बंद केला. "ताई, नाही म्हणून सांग. त्याने हात जोडले होते तुला."

"हात जोडले नव्हते."

"प्लीज म्हणाला होता! आणि तू ऐकलं म्हणालीस."

"ऐकलं म्हणाले. देणार नाही असं म्हणाले नाही."

"हे काय वकिलासारखं बोलतेस? मेलेल्या पोराशी शब्दांचे खेळ?"

तू बसलीस. तुझा आवाज मी असा कधीच ऐकला नव्हता. "ती आई आहे, प्राजू. ती विचारते आहे. मी पुन्हा सांगू तिला, डॉक्टर सांगतील?"

"इथे कुणीच काही सांगायला नकोय! तिच्याकडे त्याचा हसरा फोटो आहे. तोच राहू दे तिच्यापाशी. तुझी इतक्या वर्षांची घुसमट तू तिच्या दारात नेऊन ओतू नकोस."

हे मी बोलले, आणि मला ते आजही बरोबर वाटतं. तू उठून बाहेरच्या खोलीत गेलीस. पोहे कुणीच खाल्ले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी तू म्हणालीस, "चल. डोनाकडे जायचंय. पोस्टाने असलं पाठवत नाहीत." मी नाही म्हणू शकले असते. पण तुझा खांदा होता, पाऊस होता, आणि तू एकटी पार्कवेवर जावीस हे मला चाललं नसतं. जाताना गाडीत आपण एक शब्द बोललो नाही. तुझ्या मांडीवर पुठ्ठ्याचं पाकीट होतं आणि टोलनाक्यापाशी गाडी थांबली की तू ते दोन्ही हातांनी धरायचीस, जणू काही सांडेल.

डोनाचं घर लहान, निळं, समोर दोन पायऱ्या. तिने कॉफी केली होती. दिवाणखान्यात तुझा पहिला फोटो मोठा करून लावला होता, त्याच्याखाली सैन्याने आणून दिलेला, घडी घातलेला झेंडा. आपण स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो. मला वाटलं होतं, तू इकडचं तिकडचं बोलशील. तू पाकीट टेबलावर पालथं ठेवलंस, त्यावर हात ठेवलास आणि सरळ सांगितलंस.

"दुसरा फोटो आहे. केव्हिनने मला सांगितलं होतं, आईला देऊ नका. आणि तुम्ही मला विचारलंत, आहे का. मला दोघांपैकी कुणाशीच खोटं बोलायचं नाही. आता तुम्ही ठरवा."

असं करशील असं मला वाटलं नव्हतं. गाडीत सांगितलं असतंस तर मी कदाचित वाटेतच भांडण सोडून दिलं असतं.

डोनाने तुझ्या हाताकडे बघितलं. मग ती म्हणाली, "दाखवा."

तू हात काढलास. तिने पाकीट उघडलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ती दारापाशी गेली, दार उघडलं आणि आपल्याकडे न बघता म्हणाली, "प्लीज, जा तुम्ही."

पावसातून गाडीत येऊन बसलो तर तुला पट्टा लावता येईना. मी वाकून लावला. "मी म्हटलं होतं" हे शब्द माझ्या जिभेवर होते आणि मी ते गिळले. तू ते ऐकलेच असणार. तुला न बोललेलं ऐकू यायचं.

पुढे आपण त्यावर कधी बोललो नाही. तू माणसांचे फोटो काढणं थांबवलंस. कॅमेरा घेऊन यायचीस, लाकडाचे काढायचीस, माझ्यासारखे. मला ते बघवत नव्हतं. भांडण जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं. मग माझी शिकागोची नोकरी आली. निघताना तू मला तुझा थर्मास दिलास आणि म्हणालीस, "तिकडे नुसतं तळं आहे म्हणे, समुद्राएवढं. त्यातही बुडालेली जहाजं आहेत. बघून ठेव."

मी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून तुला फोन करायचे. किराणा घेऊन बसची वाट बघत, रविवारी संध्याकाळी. दुपारी केला तर तू घरी नसायचीस. "कुठे गेली होतीस?" "जरा बाहेर." "कशी आहेस?" "बरी आहे ग. खांदा दुखतो." दर वेळी खांदा. मी सांगायचे, शेक घे, व्यायाम कर, फिजिओकडे जा. तू म्हणायचीस, "हो हो, जाते."

आणि या वसंतात तुझ्या भावाचा पुण्याहून फोन आला.

आता हे ऐक. हॉस्पिटलातल्या तुझ्या मैत्रिणीने मला सांगितलं की तुझी प्लेट तू स्वतःच पहिल्यांदा बघितलीस. खांद्यासाठी काढायला लावलीस आणि फुप्फुसात तुला ते दिसलं. डॉक्टरच्या आधी. तुला वर्षभर माहीत होतं. वर्षभर मी बसस्टॉपवर उभी राहून तुला शेक घ्यायला सांगत होते, आणि तू हो हो म्हणत होतीस. तीच तू, जिने एका आईला तिच्या मेलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरची भीती दाखवली, कारण विचारणाऱ्याशी खोटं बोलायचं नाही! मी विचारत नव्हते का? दर रविवारी विचारत होते. कशी आहेस, कशी आहेस. मलाही 'डॉक्टर सांगतील' तरी म्हणायचंस.

म्हणून मला बोलता आलं नाही त्या हॉलमध्ये.

सभा संपल्यावर लोक समोशांच्या टेबलाकडे वळले. दाराशी एक गोरी बाई उभी होती, कोट न काढता. केस पूर्ण पांढरे झाले होते, तरी मी ओळखलं. तीही मला बघून सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, आता हिला काय सांगायचं?

"तू गाडी चालवत होतीस," डोना म्हणाली. ती इंग्रजीतच बोलत होती, पण मला ते सगळं मराठीत आठवतंय.

"हो."

"ती सांगायची तुझ्याबद्दल. म्हणायची, त्या फोटोवरून तू तिच्याशी भांडली होतीस. देऊ नको म्हणाली होतीस."

मी मान हलवली.

"तुझं बरोबर होतं," ती म्हणाली. "मला तो नको होता. मी मागितला, पण मला तो नको होता. आजही तो बघून मला बरं वाटत नाही. त्याला भीती वाटत होती आणि मी त्याला हसायला सांगत होते. हे माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं."

मी म्हटलं, "आय ॲम सॉरी."

"थांब. तुला माहीत नाही वाटतं." ती माझ्याकडे नीट बघायला लागली. "तिने तुला सांगितलं नाही? ती परत आली होती. पुढच्याच रविवारी. मी दार उघडलं नाही. खिडकीतून बघितलं, तर पायरीवर बसलेली. दुपारभर बसली आणि गेली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. बेल नाही वाजवली, हाक नाही मारली. नुसती बसायची. थंडी पडायला लागली तेव्हा मीच दार उघडलं. म्हटलं, आत ये, मरशील."

"ती इतक्या लांब गाडी चालवत नव्हती," मी म्हटलं. "तिचा खांदा..."

"बसने यायची. दोन बस बदलून."

समोशाच्या टेबलाशी कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मग येतच राहिली," डोना म्हणाली. "फार बोलायचो नाही आम्ही. कधी मी चिडायचे तिच्यावर, तुला काय अधिकार होता म्हणून ओरडायचे. ती ऐकून घ्यायची. एकदा मी तिला निघून जा म्हटलं तर म्हणाली, आज जाते, रविवारी येते. केव्हिनबद्दल बोललं की लोक विषय बदलतात. ती बदलत नव्हती. शेवटच्या हिवाळ्यात तिला बसने येणं होईना, मग मी जायचे. हॉस्पिटललाही मीच न्यायचे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिने सांगितलं होतं. सुरुवातीलाच." डोना म्हणाली. "मी तिला विचारलं, तुझ्या त्या मुलीला सांगितलंस का. म्हणाली, तिला सांगितलं तर ती नोकरी सोडून येईल. तिचं ग्रीन कार्ड अडकलंय. कागद आले की सांगेन."

शुभाताई, माझे कागद अजून आलेले नाहीत.

डोना गेल्यावर मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. तुझा हिशेब मला कळला, आणि कळून राग गेला नाही. खाडीच्या काठी माझा चेहरा बघून रोल दिलास, तसंच हेही दिलंस, मला न विचारता. तेव्हा मी घाबरले होते, तू बरोबर ओळखलंस. पण या खेपेला मी घाबरले नसते. तू माझा चेहराच पाहिला नाहीस ना. फोनवर चेहरा दिसत नाही.

फोटोच्या भांडणात माझं बरोबर होतं, डोनाच म्हणाली. पण मी त्या घरातून निघाले ती निघालेच. मला वाटलं, चूक झाली, आता निदान पुन्हा तिच्या वाटेला जाऊ नये. तू दोन बस बदलून त्या चुकीपाशी जाऊन बसलीस, आणि ती बाई दार उघडेपर्यंत उठली नाहीस. हे मला सुचलं नसतं. हे तुझ्याकडून शिकायचं होतं आणि तू ते मला दाखवलंसुद्धा नाहीस, तुला एवढी दाखवायची हौस असून.

आणि म्हणून शेवटचं एवढंच सांगते, मग तुला सोडते. डोनाला तू नको होतीस, तरी तिच्या दारात तू बसलीस. मला तू हवी होतीस. तुला बोलायचं नव्हतं तर नसतीस बोललीस. मी काही विचारलं नसतं, ओरडले नसते, डॉक्टरांशी भांडले नसते. पायरीवर बसले असते.

तेवढी जागा ठेवायला हवी होतीस ग.

तुझी,
प्राजू